कोणत्या विषयाचा कंटाळा चालेल?

"आवड कशात आहे?" हा प्रश्न बारावीच्या मुलांना विचारायला बंदी घालावी, अशा मताची मी आता झाले आहे. सतरा-अठराव्या वर्षी आवडतो तो विषय नव्हे, तो शिकवणारा. केमिस्ट्रीचे सर हसतखेळत शिकवत असतील तर केमिस्ट्री आवडते. फिजिक्सच्या मॅडम फळ्याकडे तोंड करून पुटपुटत असतील तर फिजिक्स कायमचं डोक्यात जातं. हल्ली त्यात यूट्यूबची भर पडली आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत डीएनएची रंगीत शिडी गरगर फिरते, मागे संगीत वाजतं, आणि पोरं जाहीर करतात की मला जेनेटिक्स करायचंय. करा की! पण पिपेट धरून दुपारभर एका स्टुलावर बसलेला माणूस त्या व्हिडिओत नसतो, आणि जेनेटिक्समधला बराचसा वेळ तसाच जातो.

मी वेगळं विचारते. या विषयातलं सगळ्यात रटाळ काम कोणतं ते माहीत आहे का, आणि ते रोज करावं लागलं तर चालेल का? आमच्या घरात या प्रश्नाची यथेच्छ थट्टा होते. वहिनी म्हणते, "ताई, तुम्ही पोरीला मार्ग दाखवायला बसलात की घाबरवायला?" पण इंदुरातच भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून आता कॉलेजात शिकवत असल्यामुळे मे-जूनमध्ये नात्यागोत्यातली, ओळखीपाळखीची मुलं माझ्याकडे पाठवली जातात आणि त्यांना दुसरं काही विचारण्यासारखं मला सापडलेलं नाही. विषय सुटतो तो अवघड असतो म्हणून फार क्वचित. त्यातला रोजचा कंटाळा झेपत नाही, म्हणून सुटतो.

यंदा पाळी माझ्या सख्ख्या भाचीची, दादाच्या मुलीची, होती.

इंदुरात अकरावीतच माणसावर शिक्का बसतो. हा मॅथ्सवाला, ती बायोवाली, तो कॉमर्सवाला. लग्नाच्या पंगतीतही मुलाची ओळख अशीच करून देतात. भंवरकुआच्या चौकात उभं राहिलं की चहूबाजूंनी कोचिंगच्या पाट्या अंगावर येतात. एका मजल्यावर जेईई, दुसऱ्यावर नीट, तिसऱ्यावर पीएससी. जेईई-नीटच्या चाळणीतून जो खाली पडला तो बी.एस्सी.ला जाणार, हे गृहीतच. आणि बी.एस्सी.ला गेलेल्यांतले बरेचजण मनाने तिसऱ्या मजल्यावर असतात. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालयच इंदुरात, त्यामुळे बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन इथे तयारी करतात आणि पदवी हवी म्हणून कुठल्यातरी कॉलेजात नाव घालून ठेवतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण वर्गात समोर बसलेल्यांपैकी झूऑलॉजी कुणाला हवं आहे आणि कुणाला नुसता पदवीचा कागद, हे ओळखता येईनासं होतं, आणि ज्याला खरंच झूऑलॉजी हवं आहे तोही हळूहळू शरमून बोलायचा थांबतो. "बीएस्सी करके क्या करेगा, भिया?" हा सवाल त्याला पानवाल्यापासून काकापर्यंत सगळेच करतात.

असं नेहमी नव्हतं. होळकर कॉलेज निघालं 1891 साली, शिवाजीराव होळकरांच्या काळात. तिथून विज्ञानाची पदवी घेतलेला माणूस घरात असणं ही आमच्या आजोबांच्या पिढीत इंदूरच्या रामबाग-नारायणबागेत मिरवायची गोष्ट होती. आजोबांच्या एका चुलत्यांचा पदवीदान समारंभातला फोटो आमच्या बैठकीत गणपतीच्या तसबिरीशेजारी होता. ते पुढे आयुष्यभर अबकारी खात्यात होते, हा भाग वेगळा.

तर भाची बायोवाली. नीटला बसली, मार्क बरे पडले, पण सरकारी मेडिकलला पुरतील इतके नाहीत. दादाचं म्हणणं एक वर्ष ड्रॉप घे. ड्रॉप हा शब्द आमच्याकडे इतका रुळला आहे की आजीसुद्धा "ड्रॉप घेणार का गं?" असं विचारते. भाचीचं म्हणणं, परत तेच एमसीक्यू वर्षभर सोडवायचे असतील तर मी घर सोडून जाईन, मला बी.एस्सी. करू द्या. कशात? तर जेनेटिक्समध्ये, नाहीतर बायोटेकमध्ये, नाहीतर मायक्रोबायोलॉजीमध्ये. बॉटनी? नाक मुरडलं. केमिस्ट्री? खांदे उडवले. गणित? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पण गणिताबद्दल मला बोलायचं होतंच, आणि नंतर बोललेही. विज्ञानातली दारं दोन्ही बाजूंनी सारखी उघडत नाहीत. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस पुढे जीवशास्त्रात जाऊ शकतो, गेलेले आहेत. वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेले वेंकटरमण रामकृष्णन अमेरिकेत फिजिक्सचीच पीएच.डी. घेऊन मग जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा बाकावर बसले आणि 2009 साली त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. (नोबेलवाल्यांची उदाहरणं घरात देऊ नयेत, दादाला लगेच खर्चाचा हिशेब पटतो.) उलट दिशेने, दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्राकडून भौतिकशास्त्रात आलेलं माणूस मला आमच्या विभागात कधी भेटलं नाही. आणि आजचं जीवशास्त्र आकड्यांनी इतकं भरलं आहे की गणिताला घाबरून बायो घेतलेली मुलं पाच वर्षांनी जीनोमच्या फायली आणि संख्याशास्त्राच्या चाचण्यांसमोर येऊन उभी राहतात. म्हणून बायोवाल्या प्रत्येक मुलाला मी सांगते की कॉलेज मागो न मागो, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग स्वतः शीक. बहुतेकजण मान डोलावतात आणि शिकत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने या शिक्क्यांना थोडी भेग पाडली आहे, हे मान्य केलं पाहिजे. मध्य प्रदेशात ते 2021-22 पासून कॉलेजात आलं. पूर्वी सरळ जुड्या असायच्या: फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, नाहीतर केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी, म्हणजे आमचं सीबीझेड. तिन्ही विषय सारख्याच वजनाचे. आता एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे दुय्यम, एखादा ऐच्छिक, वर व्यवसायाचा एक विषय. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात कॉलेजात ज्या विषयाचा शिक्षक आहे तोच विषय ऐच्छिक असतो. तरीही बॉटनीबरोबर केमिस्ट्री किती खोल शिकायची, हे ठरवायची थोडी मोकळीक आली, एवढं खरं.

भाचीचा गोंधळ वेगळाच होता. तिला वाटत होतं की बी.एस्सी.चा विषय म्हणजे जन्माची गाठ. बॉटनी घेतली की झाडंच बघत बसायची, झूऑलॉजी घेतली की बेडूकच. मी तिच्यासमोर सीएसआयआरच्या नेट परीक्षेची, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकी यांसाठी द्यावी लागते त्या परीक्षेची, विषयांची यादी उघडली. विज्ञानाचे तिथे फक्त पाच कप्पे आहेत: रसायन, भौतिक, गणिती, पृथ्वी आणि वातावरण, आणि जीवविज्ञान. बॉटनी, झूऑलॉजी, बायोटेक, मायक्रो, जेनेटिक्स, सगळे त्या एकाच जीवविज्ञानाच्या कप्प्यात, एकाच पेपरला बसतात. ज्या पाट्यांवरून ती चार रात्री जागली होती त्या पाट्या दारावरच्या आहेत, आतली खोली एकच आहे. "मग कॉलेजवाले बायोटेकची फी एवढी जास्त का घेतात?" असं तिने विचारलं. हा प्रश्न मला आवडला, पण दादासमोर उत्तर दिलं नाही.

विषयांच्या या भिंतींचं एक जुनं प्रकरण इंदुरातच घडलेलं आहे आणि ते मी हटकून सांगते, कारण इंदूरकरांनाही ते फारसं माहीत नसतं. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 साली होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था निघाली. ती काढणारे आल्बर्ट हॉवर्ड शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. आधी बिहारात पुसा इथल्या सरकारी शेती-संशोधन संस्थेत होते आणि तिथे त्यांना एका गोष्टीचा वैताग आला होता: पीक एक, पण ते वाटलेलं बॉटनी, केमिस्ट्री, कीटकशास्त्र, कवकशास्त्र अशा वेगवेगळ्या खात्यांत, आणि संबंध रोप म्हणून त्याच्याकडे बघायला कुणीच नाही. इंदुरात त्यांनी या वाटणीला फाटा दिला. त्यांच्या जोडीला रसायनाच्या बाजूला होते यशवंत वाड. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे थर लावायचे, पाणी मारायचं, तीन महिन्यांत तीनदा उलथवायचं, आणि खत तयार. ही पद्धत हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने 1931 साली पुस्तकरूपाने बाहेर आली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले गांधीजीही ती बघायला गेले होते.

आता यातला शास्त्रज्ञ कोण आणि कोणत्या विषयाचा? ढीग बॉटनीचा की केमिस्ट्रीचा? आतली उष्णता कुणाची, बुरशी कुणाची? भाचीला हे सगळं ऐकून कंटाळा आला असावा, पण तिने एक बरोबर विचारलं: "आत्या, पण तो ढीग उलथवायचा कुणी?" मजुरांनी उलथवला, हे उघड आहे. पण केव्हा उलथवायचा, आत ओल किती हवी, उष्णता कधी उतरते, हे ठरवायला कुणीतरी त्या ढिगांपाशी दिवसेंदिवस गेलं असणार, वास घेत, हात घालत, वहीत लिहीत. त्या पद्धतीतलं संशोधन म्हणजे ते.

इथून मी माझ्या लाडक्या मुद्द्यावर येते. प्रत्येक विषयाचा कंटाळा वेगळ्या जातीचा असतो. गणितात समोर कोरा कागद आणि काहीच न सुचणं, दिवसचे दिवस. तिथे यंत्राला दोष देता येत नाही. प्रायोगिक भौतिकशास्त्रात निर्वात केलेल्या भांड्यात कुठूनतरी हवा शिरते आणि ती गळती शोधण्यात आठवडा जातो. सेंद्रिय रसायनात पाच मिनिटांची अभिक्रिया आणि तिचं उत्पादन मिश्रणातून वेगळं काढायला दिवसभर थेंब थेंब गाळणारा कॉलम. मायक्रोबायोलॉजीत ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने सगळं निर्जंतुक करणं, प्लेटा ओतणं, दुसऱ्या दिवशी वसाहती मोजणं, आणि प्लेटवर नको ती बुरशी आली की परत पहिल्यापासून. वर्गीकरणवाल्या बॉटनीत पावसाळ्यात गोळा केलेल्या रोपांखालचे वर्तमानपत्राचे कागद रोजच्या रोज बदलायचे, नाहीतर हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाच्या, जागी कुजकट पाला. संगणकावर काम करणाऱ्यांना वाटतं की आपण सुटलो. त्यांच्या वाट्याला रात्री दोन वाजता एका चुकलेल्या स्वल्पविरामाचा शोध येतो.

माझा कंटाळा खलण्याचा होता. मी मँगनाइटांवर काम केलं. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांचं हे काळंकुट्ट ऑक्साइड चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याचा विद्युतरोध झपाट्याने घटतो. ऐकायला झकास. ते बनवायचं कसं? पांढऱ्या-काळ्या पुडी अगेटच्या खलात घ्यायच्या आणि घोटायच्या. तासन्‌तास, एकाच दिशेने, अधूनमधून थोडं ॲसिटोन टाकत. मग ती पूड भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायची, बाहेर काढून परत खलायची, परत तापवायची, मग दाबयंत्रात टिकली पाडायची आणि परत भट्टी. माझी आजी बाळगुटी उगाळायची तेव्हा वेढे मोजायची. मी मोजायचं सोडून दिलं होतं. लँथॅनमच्या ऑक्साइडची आणखी एक खोड आहे. ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. इंदूरच्या जुलैत बाटली उघडी राहिली की तुम्ही वजन करताय त्यात ऑक्साइड किती आणि हवा किती, हे देवाला ठाऊक. आमच्या एका सीनियरने पहिल्याच आठवड्यात दम भरला होता: आधी भट्टीत भाज, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शिरू न देणाऱ्या बंद भांड्यात, ठेव, आणि थंड झालं की लगेच वजन कर, मध्ये चहाला जायचं नाही. मग क्ष-किरणांच्या आलेखात सगळे उंचवटे जागच्या जागी आलेले दिसले, म्हणजे पदार्थ हवा तसाच बनला हे कळलं, की जो आनंद व्हायचा तो मी घरात कुणाला समजावून सांगू शकले नाही. आई विचारायची, "आज काय केलंस?" "खललं." "आणि काल?"

आणि मला खरंच चालायचं. खलताना डोकं मोकळं असायचं. माझ्याबरोबरची एक हुशार मुलगी, गणिती सिद्धान्तात माझ्याहून कितीतरी पुढे, त्या खलाने वेडी व्हायची; ती सैद्धान्तिक कामाकडे वळली आणि तिथे फुलली. आम्हा दोघींची 'आवड' एकच होती. चुंबकत्व.

इंदूर हे या असल्या कामाला चांगलं गाव आहे, आणि हे इंदूरकर घरांना सांगावं लागतं, याची गंमत वाटते. राजेंद्रनगरच्या पुढे, सुखनिवास तलावाच्या बाजूला, 1984 साली पायाभरणी झालेलं प्रगत तंत्रज्ञान केंद्र (सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) आहे. 2005 साली त्याला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव दिलं, तरी गावाच्या तोंडी ते अजून 'कॅट'च आहे आणि रस्ता 'कॅट रोड'. रिक्षावाल्याला आत काय आहे विचारलं तर "अणू का कुछ है" एवढंच उत्तर मिळतं. आत इंडस-1 आणि इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनना कड्यात गोल फिरवणारी यंत्रं, आहेत. इंडस-2 चा परीघ 172.5 मीटर, त्यात 2.5 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, म्हणजे सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या, आणि वळताना जो प्रखर प्रकाश सोडतात त्याचे क्ष-किरण बाजूच्या बीमलाइनांवर, म्हणजे हा झोत (बीम) बाहेर आणणाऱ्या वाटांवर, प्रयोगाला मिळतात. तिकडे खंडवा रोडवर, अहिल्या विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं, संशोधन संकुल आहे, तिथे द्रव हेलियमने नमुने उणे 269 अंशांपर्यंत थंड करून मोजतात. देशभरातल्या विद्यापीठांतली मुलं या दोन ठिकाणी प्रस्ताव पाठवून, वेळ मागून, रेल्वेने नमुने सांभाळत येतात. आमची मुलं सिटी बसने जाऊ शकतात आणि भंवरकुआला उतरतात.

बीमचा वेळ मिळाला की दिवस-रात्र काही राहत नाही. रात्रीच्या पाळीत बीमलाइनवर बसायचं, एक मोजणी संपली की नमुना बदलायचा, परत दार बंद, परत वाट. मध्येच बीम गेला तर सगळे खुर्चीत मागे रेलतात आणि कुणीतरी पोह्यांचा विषय काढतो. सकाळी बाहेर पडून खरंच पोहे-जलेबी खायचे आणि झोपायच्या ऐवजी आकडे बघत बसायचं. ज्याला हे वर्णन ऐकून अंगावर काटा येतो त्याने प्रायोगिक संशोधनात पडू नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

भाचीला मी सरळ एका मैत्रिणीच्या बॉटनीच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. तिथे सूर्यफुलाच्या खोडाचे काप घेणं चालू होतं. दाढीचं पातं, बोटात धरलेला खोडाचा तुकडा, दोन्ही ओले. पातं आपल्याकडे सरकन ओढायचं, दाबायचं नाही. पहिले काप म्हणजे भाजीला चिरल्यासारखे जाड. वॉचग्लासमधल्या पाण्यात ते तरंगत राहिले. मग हळूहळू पातळ होत गेले. अर्धे, कोपरा तुटलेले, पण पातळ. त्यातला सगळ्यात पारदर्शक काप ब्रशच्या टोकाने उचलायचा, सॅफ्रॅनिनच्या लाल रंगात ठेवायचा, धुवायचा, काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात घ्यायचा आणि सुईने आवरणकाच टेकवत टेकवत सोडायची, म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. तिचा राहिला. दुसऱ्यांदाही राहिला. मी मैत्रिणीबरोबर चहा घेऊन आले तेव्हा ती मान खाली घालून तेच करत होती, बोटाला पातं लागलेलं होतं आणि फोन बॅगेतच होता. मग सूक्ष्मदर्शकातून कड्यासारखे मांडलेले, लाल भिंतींचे वाहक पूल, म्हणजे खोडातून पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांच्या जुड्या, दिसले, तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त "मक्याचं पण बघू?" असं विचारलं. मक्यात ते कड्याने नसतात, विखुरलेले असतात. तेही तिने बघितलं.

यावरून ती वनस्पतिशास्त्रज्ञ होणार, असं मी मुळीच म्हणत नाही. एक दुपार होती. पण 'बॉटनी नको' हे वाक्य त्यानंतर घरात ऐकू आलं नाही, आणि बायोटेकची जाडजूड माहितीपत्रकं रद्दीत गेली.

दादाची काळजी पुढची होती आणि ती खोटी नव्हती. "समजा ही तुझ्यासारखी संशोधनात शिरली. पोट कधी भरणार?" म्हणून आम्ही दोघं बहीणभाऊ कागद घेऊन बसलो. चार वर्षांची पदवी झाली. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनाचं करता येतं. 2022 च्या यूजीसीच्या नियमांनी चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी केलेल्याला थेट पीएच.डी.चं दार उघडलं, एम.फिल. बंदच केलं. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रायोगिक विषयात तीन वर्षांत होणारं माणूस मी पाहिलेलं नाही, पाच धरावीत. पैसे? नेटची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. दादाने हा आकडा दोनदा लिहून घेतला. त्याच्या दुकानातल्या अकाउंटंटच्या पगारापेक्षा तो जास्त निघाला. पण जेआरएफ नसेल तर राज्यातल्या विद्यापीठांत बऱ्याचदा हातात काहीच पडत नाही, आणि असली तरी शिष्यवृत्ती कधीकधी महिनोन्‌महिने अडकते, तेव्हा घरून पैसे मागायची वेळ येते. हेही मी त्या कागदावर लिहिलं. सहाव्या वर्षी सगळे "अजून किती?" विचारतात तेही लिहायला हवं होतं, पण त्याला आकडा नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की जेआरएफ किंवा तिच्या तोडीची शिष्यवृत्ती हातात नसताना, नुसतं 'एम.एस्सी. झालं, नोकरी नाही, लग्न ठरत नाही, तर पीएच.डी. लावू' म्हणून संशोधनात शिरू नये. आमच्या समाजात हे फार होतं, मुलींच्या बाबतीत जास्त. नावामागे डॉक्टर लागणं बायोडेटाला बरं दिसतं. मग दोन वर्षांनी सासरचं गाव दुसरं, गाईड इथे, आणि प्रबंध कपाटात.

गाईड हा विषयाहून मोठा प्रश्न आहे, आणि तो निवडताना मुलं सगळ्यात कमी चौकशी करतात. लग्नाला स्थळ आलं की सात पिढ्या खणणारी आमची माणसं गाईडबद्दल "नाव मोठं आहे" एवढ्यावर थांबतात. मी सांगते, साहेबांना भेटायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा. शेवटच्या तिघांना किती वर्षं लागली? ते आता कुठे आहेत? कुणी मध्येच सोडलं का, आणि का? ज्या यंत्रावर काम करायचं ते चालू आहे की दोन वर्षं सुट्या भागाची वाट बघतंय? शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं? आणि शनिवारी साहेबांच्या मुलाला क्लासला सोडायला कोण जातं? शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी हसला तर ठीक. गप्प झाला तर दुसरं दार बघावं. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात, तेव्हा मोठ्या नावाच्या माणसाकडे तुमच्यासाठी आठवड्यातला किती वेळ उरतो, हा साधा भागाकार आहे.

वहिनीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आत्ता काय भरायचं ते सांगा, मुदत संपत आलीय."

तर बॉटनी मेजर, केमिस्ट्री मायनर असा अर्ज गेला आहे. संख्याशास्त्राचा एखादा पेपर जोडून मिळतो का याची चौकशी चालू आहे; कॉलेजातल्या बाबूने आधी नाही म्हटलं, मग "देखते हैं" म्हटलं. चौथ्या वर्षाचं तिसऱ्या वर्षी बघायचं ठरलंय. दादाचा मात्र आग्रह आहे की पुढच्या वर्षी नीटचाही फॉर्म भरून ठेवायचा, असू दे म्हणून. भाची म्हणाली, "भरा बाबा, फी तुम्हालाच द्यायचीये," आणि माझ्याकडे वळून मैत्रिणीच्या प्रयोगशाळेची वेळ विचारू लागली.